ती गुणांची वही आता मिटव

मावशी, सलाम.

माझं माहेर नवापूर तालुक्यातलं, सासर भुसावळचं, रेल्वेतलं. केळीच्या पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी नर्स आहे. मी पस्तिशीची, लेक नऊ वर्षांचा. सोळाव्या वर्षी संजीवन सभेत प्रभूला जीवन दिलं, मग बाप्तिस्मा घेतला. तेव्हा प्रार्थनेला बसलं की रडू यायचं, अंगावर काटा यायचा. आता दोन वर्षं झाली, प्रार्थना म्हणजे भिंतीशी बोलणं झालंय. रविवारी आमच्या जुन्या मंडळीत जाते, शुक्रवारी शेजारच्या प्रार्थनागटात. तिथे बहिणी स्वप्नांच्या, अन्य भाषांच्या (आत्म्याने भरून अनोळखी भाषेत बोलण्याच्या), एकवीस दिवसांच्या उपासाच्या साक्षी देतात. गटाचे भाऊ म्हणाले, ज्याच्या जीवनात चिन्हं नाहीत त्याची वाढ खुंटली आहे. म्हणून मी एक वही घातली आहे. अध्याय किती वाचले, प्रार्थना किती मिनिटं केली, त्याचे गुण. चिडले की वजा. महिनाअखेरीस बेरीज कमीच येते.

उलट पूर्वी माझ्यात न दिसणारं वाईट आता जास्तच दिसतं. परवा जावेशी पुन्हा वाजलं. पूर्वी आम्ही सात-सात महिने अबोला धरायचो, यावेळी तिसऱ्या दिवशी मीच गेले बोलायला, कारण मलाच राहवेना. सासूबाई धुळ्याकडच्या, त्या म्हणतात, "आते तू पहिलासारखी चिडत नही व." पण त्या मायाळू आहेत, त्यांचं काय धरायचं. ड्युटीवरही विचित्र झालंय. डिलिव्हरीनंतर नातेवाईक जे देतात ते हल्ली मला घ्यावंसं वाटत नाही, त्यामुळे स्टाफ नाराज. माझा आजा निरक्षर होता, एक वचन धड सांगता यायचं नाही त्याला. पण गावात भांडण झालं की दोन्हीकडची माणसं त्याच्याच ओट्यावर येऊन बसायची. त्याच्याकडे पाहून कळायचं, हा देवाचा माणूस. माझ्याकडे पाहून कुणाला काय कळणार? मी वाढते आहे की नाही, हे ओळखायचं कसं? गट सोडू का? आणि लेकाला शुक्रवारच्या उपासाला बसवू का?

एक बहीण, भुसावळ

सलाम पोरी,

आधी वहीचं बोलू, कारण तिनेच तुला जास्त पिडलंय. अशी वही घालणारी तू काही पहिली नाहीस. लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थनेला उभा राहिलेला तो परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा, आठव. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, लुबाडणूक नाही, व्यभिचार नाही. त्याचे आकडे खोटे होते असं येशू कुठेही म्हणत नाही. हिशेब चोख होता. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो छाती बडवणारा जकातदार, ज्याच्याकडे दाखवायला एकही आकडा नव्हता. तुझी गंमत अशी, की वही परूशाची घातलीस आणि महिनाअखेरीला छाती मात्र जकातदाराची बडवतेस. त्रास दोघांचाही, आणि घरी जाताना शांती एकाचीही नाही.

पवित्र शास्त्र वाचू नको असं मी म्हणत नाही. वाच, सोडू नकोस. पण नाईट करून सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसलेली बाई अर्धं स्तोत्र वाचता वाचता पेंगते, तर तिला वजा गुण देणारा हा मास्तर कोण? तो देव आहे असं मला तरी वाटत नाही.

आता तुझ्या पत्रातल्या तीन गोष्टी घेते, ज्या तू तक्रार म्हणून किंवा जाता जाता लिहिल्या आहेस. माझ्या लेखी तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यातच आहे.

पहिली ती ड्युटीवरची. बाळ झालं की बाळाची आजी नाहीतर मामा पेढ्याचा बॉक्स घेऊन येतो आणि बॉक्सच्या खालून एक दुमडलेली नोट हातात कोंबतो. मुलगा झाला तर मोठी नोट, मुलगी झाली तर लहान, कधी नुसतंच तोंड पाडून जातात. याला कुणी लाच म्हणत नाही, 'खुशी' म्हणतात. देणारा बहुतेक वेळा दिवसभर बागेत केळीचे घड वाहणारा माणूस असतो, आणि ती नोट म्हणजे त्याची अख्ख्या दिवसाची रोजी असते. तू इतकी वर्षं नोकरी करतेस, हे काही तुला आज कळलेलं नाही. मग आत्ताच हात का आखडला? कुठल्या पाळकाने यावर प्रवचन दिलं? शुक्रवारच्या भावांनी दिलं? तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे दिलं नसावं. हात आपणहून मागे आला.

इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी दूध आणि जड अन्न यांची गोष्ट आहे. तान्ह्याला दूध, प्रौढाला जड अन्न. ती आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पण प्रौढ कोण याची खूण तिथे काय दिली आहे, ते ऐकताना निसटतं. चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे ओळखायचा ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना सरावाने अभ्यास झाला आहे, ते प्रौढ. त्यात स्वप्नं नाहीत, मिनिटं नाहीत. कालपर्यंत जी नोट सहज खिशात जायची ती आज हाताला चटका देते, हीच ती खूण. आणि तू ती 'विचित्र झालंय' म्हणून कळवतेस!

जक्कयाची गोष्ट घे, येशूला बघायला झाडावर चढलेल्या त्या जकातदाराची. त्याने येशूला आनंदाने घरी घेतलं, एवढंच त्याच्या भावनांबद्दल लिहिलं आहे. तो रडला का, त्याच्या अंगावर काटा आला का, काही नाही. मग तो उभा राहून पैशाचं बोलतो. अर्धं द्रव्य गरिबांना, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. तारणाची पावती पैशाच्या जागी फाटली. आपल्या मंडळ्यांमध्ये जक्कयाचं झाड पोरांना चित्रात रंगवायला देतात आणि चौपटीचा भाग मोठ्या माणसांसाठी कुणी काढत नाही, ते एक असो.

स्टाफच्या नाराजीबद्दल मात्र ऐक. तू घेत नाहीस एवढं पुरे. कारण सांगत बसू नकोस, आणि घेणारीकडे त्या नजरेने बघूही नकोस. तुझ्याहून खूप कमी पगारावर कंत्राटी काम करणारी मावशी त्या नोटेत मुलाची फी धरत असते, तिचं गणित तुझ्यापेक्षा अवघड आहे. पेढे घे, सगळ्यांना वाट, नोट देणाऱ्याच्या खिशात हसत परत घाल. आणि कृपा करून ही गोष्ट शुक्रवारी साक्ष म्हणून सांगू नकोस. सांगितलीस की दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवर पोचेल, आणि मग तुझ्या हातापेक्षा तुझ्या तोंडाचीच चर्चा जास्त होईल.

दुसरी गोष्ट जावेची. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं आत्म्याचं फळ तुला पाठ असणार: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. ही यादी पुन्हा एकदा नीट बघ. यातलं बहुतेक काही खोलीचं दार लावून एकटीला करता येत नाही. सहनशीलता दाखवायची तर समोर सहन करावं असं कुणीतरी लागतं. सौम्य व्हायचं तर जिच्यावर ओरडावंसं वाटतं ती बाई त्याच ओट्याशी भांडी आपटत उभी असावी लागते. म्हणजे तुझी जाऊ ही तुझ्या वाढीतली अडचण नव्हे, परीक्षेचा हॉलच तो आहे. तिच्यासाठीही तू तीच आहेस, हेही लक्षात असू दे.

त्याच अध्यायात फळाच्या आधी देहाच्या कर्मांची यादी येते. तिच्यात जारकर्म आहे, मूर्तिपूजा आहे, चेटूक आहे, दारूबाजी आहे. आणि त्यांच्याच ओळीत वैर, कलह, मत्सर, राग, तट आणि फुटीही आहेत. आपण दारूला घाबरतो. कलहाला आपल्याकडे 'स्वभाव' म्हणतात. मंडळीच्या कमिटीची निवडणूक लागली की जी माणसं आयुष्यात कधी बाटलीला शिवली नाहीत ती एकमेकांच्या दारावरून जाणं सोडतात, आणि पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर बसून मोठ्याने गातात. त्यांना कुणी वाढ खुंटली म्हणत नाही.

सात महिन्यांचं तीन दिवसांवर आलं, हे तूच लिहिलं आहेस. तुझ्या वहीत त्या दिवशी 'चिडले, वजा' एवढंच असणार. तिसऱ्या दिवशी जाऊन बोलण्याचे गुण तिथे आहेत का? नसतील, कारण तसा रकानाच तू आखला नसशील. राग यायचाच. तुझा स्वभाव तापट असेल तर तो बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून जात नाही. प्रेषित पौल काय कमी तापट होता? मार्काला सोबत घ्यायचं की नाही यावरून त्याचं आणि त्याचा सोबती बर्णबाचं इतकं बिनसलं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात ते झाकून न ठेवता लिहिलं आहे. त्याच मार्काविषयी पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात येतं, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधे कितीतरी वर्षं गेली. तुला तीन दिवस लागले. राग आला की नाही हे बघू नकोस, राग आल्यापासून परत जाईपर्यंत किती वेळ गेला ते बघ, आणि तो वर्षागणिक कमी होतोय का ते बघ. मला विचारशील तर यापेक्षा भरवशाची खूण मला माहीत नाही.

आपल्याच मराठी मंडळीतलं एक उदाहरण देते. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी, १९०० साली. पण लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलंस तर दिसेल की त्यांच्यातला मोठा बदल बाप्तिस्म्याच्या आधीच घडून गेला होता. कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेली, नवरा ख्रिस्ती झाला तरी आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवणारी ती बाई, जातिभेद देवाने केलेला नाही हे मनाला पटल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागली. तेव्हा तिला कुठलं दर्शन झालं नव्हतं, रीतसर ती ख्रिस्तीही नव्हती. बदल दिसला तो पाण्याच्या भांड्यापाशी. आणि पुढेही त्या घरात भांडणं व्हायची, टिळक तिरमिरीत घराबाहेर पडायचे, लक्ष्मीबाई ते सगळं हसत सांगतात. आपल्या संतांची चित्रं आपण फारच गुळगुळीत करून ठेवली आहेत.

तिसरी गोष्ट तुझ्या सासूबाईंची. "आते तू पहिलासारखी चिडत नही व." हे वाक्य तू 'त्या मायाळू आहेत' म्हणून उडवून लावलंस. अगं, खान्देशात सासू सुनेला हे तोंडावर सांगते, याला काही किंमत आहे की नाही? वाढ ही आपली आपल्याला दिसायची गोष्टच नव्हे. ती दिसते आपल्याबरोबर राहणाऱ्यांना, आपला त्रास ज्यांना होतो त्यांना. म्हणून आरशापेक्षा सासू बरी. वर्षातून एकदा, नाताळच्या फराळाचा पसारा आवरल्यावर म्हण किंवा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, लागायच्या आधी म्हण, नवऱ्याला आणि सासूबाईंना सरळ विचार: गेल्या वर्षापेक्षा माझ्याबरोबर राहणं सोपं झालंय का? नवरा आधी हसण्यावारी नेईल. उत्तर लगेच मागू नकोस, दोन दिवस जाऊ दे. तो जे सांगेल ते तुझ्या बेरजेपेक्षा खरं असेल.

आता भिंतीशी बोलण्याचं. तू नर्स आहेस म्हणून आधी तुझ्याच भाषेत विचारते. दोन वर्षं नुसती प्रार्थनाच कोरडी आहे, की जेवण, झोप, लेकाचं हसणं, टीव्हीवरची आवडती मालिका, सगळंच बेचव झालंय? सगळंच असेल तर हा आध्यात्मिक प्रश्न धरू नकोस. हिमोग्लोबिन बघ, थायरॉइड बघ, नाईट ड्युट्या किती लागतात ते बघ, आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. एलीया संदेष्टा झुडुपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे.

आणि नुसती प्रार्थनाच कोरडी असेल, तर त्या रांगेत बरीच मोठी माणसं उभी आहेत. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लोक चकित झाले. जवळजवळ पन्नास वर्षं त्या आतून अंधारात होत्या. देव आहे की नाही असं वाटावं इतका अंधार. तरी रोज पहाटे उठत होत्या, प्रार्थना करत होत्या आणि रस्त्यावरच्या माणसांना उचलून आणत होत्या. त्या कॅथलिक म्हणून शुक्रवारी कुणी नाक मुरडेल, तर त्यांना अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडून दे. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेवर येतात. हे अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलं आहे, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते देवाशीच बोलतं.

सोळाव्या वर्षीचं रडू खरं होतं, ते खोटं ठरवू नकोस. पण ते परत आलं नाही म्हणून काही घडतच नाही असंही नाही. तू केळीच्या पट्ट्यात नोकरी करतेस. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावायची केळी, लावली की महिनेच्या महिने नुसती पानं येतात. नवख्याला वाटतं, ही नुसतीच उंच होतेय. एक दिवस केळ निसवते, आणि आपण म्हणतो, घड आज आला. तो घड आज आलेला नसतो. जमिनीतल्या कंदापाशी तो कधीच धरलेला असतो आणि खोडाच्या आतून वर सरकत असतो. बाहेरून खोड कालच्यासारखंच दिसतं. घड बघायला म्हणून कुणी खोड चिरत नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात येशू हेच सांगतो: माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. शेतकऱ्याला कळत नाही हे येशूने दोष म्हणून सांगितलेलं नाही.

स्वतःतलं वाईट जास्त दिसतं म्हणतेस. पौलाचे तीन शब्दप्रयोग लागोपाठ वाच. करिंथकरांना लिहिताना तो स्वतःला प्रेषितांमध्ये कनिष्ठ म्हणतो. इफिसकरांस पत्रात सगळ्या पवित्र जनांतल्या लहानाहून लहान. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाप्यांमध्ये मुख्य. या क्रमाने माणूस बिघडत चालला होता असं कुणी म्हणणार नाही. उजेड वाढला की कोपऱ्यातली जळमटं दिसतात. फक्त एक फरक सांभाळ. दिसलेलं वाईट तुला जावेच्या दाराशी नेत असेल, क्षमा मागायला लावत असेल, तर ते बरं. ते तुला 'मी कशालाच लायक नाही' म्हणत अंथरुणात कोंबत असेल, तर तो आवाज देवाचा धरू नकोस, मग तो कितीही शास्त्रवचनं सांगत येवो.

आता गट. करिंथच्या मंडळीत काय नव्हतं? अन्य भाषा होत्या, संदेश होते, ज्ञान होतं. पौल पत्राच्या सुरुवातीलाच म्हणतो की तुम्ही कुठल्याही कृपादानात, म्हणजे आत्म्याने दिलेल्या वरदानात, उणे नाही. आणि दोनच अध्याय पुढे त्याच लोकांना म्हणतो, मला तुमच्याशी बाळकांशी बोलावं तसं बोलावं लागलं, दूध पाजावं लागलं. कारण तुमच्यात हेवा आणि कलह आहेत. म्हणजे चिन्हं भरपूर असूनही माणसं तान्हीच असू शकतात, हे खुद्द शास्त्रातच आहे. पुढे बाराव्या अध्यायात तो विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? उत्तर 'नाही' असंच अपेक्षित आहे. कृपादानं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ज्या बहिणीला प्रार्थनेत ते मिळतं तिच्या आनंदात आनंद मान. पण भाऊ म्हणाले ते वाक्य पौलाच्या पत्रात बसत नाही, एवढं त्यांना नम्रपणे, एकटं गाठून सांग. सगळ्यांसमोर नको.

त्यांनी ऐकून घेतलं, शास्त्र उघडून तुझ्याबरोबर वाचायला बसले, तर गट सोडायचं काही कारण नाही. जुन्या मंडळीत जी ऊब मिळत नाही ती तुला तिथे मिळत असेल. आपल्या जुन्या मंडळ्यांमध्येही कोण आलं नाही हे तीन रविवारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, तोही काही प्रौढपणा नव्हे. पण 'तुझ्यात अविश्वास आहे' असं म्हणून त्यांनी तोंड बंद केलं, पैशाचा आकडा सांगू लागले, किंवा कुणाला बीपीच्या, शुगरच्या गोळ्या बंद करून विश्वास दाखवायला सांगितलं, तर त्याच शुक्रवारी चपला घाल आणि घरी ये. शेवटचं झालं तर नुसती घरी येऊ नकोस. ज्यांच्या गोळ्या बंद झाल्या त्यांच्या घरीही जा. तू नर्स आहेस.

वहीच्या जागी काय, असं तू विचारशीलच. जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा कॅथलिक संत इग्नाशियस, याने शिकवलेली आत्मपरीक्षणाची एक साधी रीत आहे. १५४८ साली छापलेल्या त्याच्या साधनेच्या पुस्तकात ती सापडते. झोपायच्या आधी थोडा वेळ. आधी आजच्या दिवसाबद्दल आभार, नेमक्या गोष्टींचे, मोघम नाही. मग देवाकडे उजेड माग आणि दिवस सकाळपासून उलगड. चुकलं तिथे क्षमा माग. उद्या काय करायचं ते एक ठरव आणि झोप. यातल्या 'आभार आधी' या क्रमाला फार अर्थ आहे. तुझी वही वजाबाकीपासून सुरू होते. याच इग्नाशियसने एखाद्या दोषासाठी रेघांवर ठिपके मांडून मोजायलाही सांगितलं आहे, म्हणजे मोजणं मुळातच पाप नव्हे. पण तो एका वेळी एकच दोष घ्यायला लावतो, सगळ्या आयुष्याची बेरीज नाही. नाईटला असशील त्या दिवशी हे सगळं राहू दे. 'प्रभू, झोपते' एवढं म्हण.

दुसरी सोय तुझ्या मंडळीतच आहे. बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि त्याआधी पाळक वाचतात की प्रत्येकाने आपली परीक्षा करावी. आपण डोळे मिटून आठवतो की या महिन्यात काय पाप केलं. पण करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात ते वाक्य कुठे आलं आहे बघ. काही लोक आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब मागून येऊन उपाशी राहायचे, त्या भांडणात ते वाक्य आहे. परीक्षा आहे ती मेजावरच्या शेजाऱ्याला आपण कसं वागवलं याची. त्या रविवारच्या आधीच्या शनिवारी जावेकडे एक चक्कर टाकत जा. काही बिनसलेलं नसलं तरी.

आजाचं राहिलं. पश्चिम खान्देशात मिशनचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजलं. तुझा आजा त्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतला असणार. त्याच्या ओट्यावर दोन्हीकडची माणसं यायची, हे तू लिहिलंस ते मला फार आवडलं. भांडणारे दोन्ही पक्ष ज्याच्याकडे जातात त्याने आधी किती वर्षं कुणाची बाजू घ्यायचं टाळलं असेल, किती वेळा तोंडावर आलेलं गिळलं असेल, ते तू पाहिलेलं नाहीस. तू त्याला म्हातारपणी पाहिलंस, आणि त्याच्या म्हातारपणाशी तुझी पस्तिशी ताडून बघतेस. पुढच्या वेळी नवापूरला गेलीस की आजी असेल तर आजीला, नसेल तर तुझ्या मोठ्या काकांना विचार, आजा पस्तिशीत कसा होता. ऐकून तुला बरं वाटेल असा माझा अंदाज आहे.

लेकाला उपासाला बसवू नकोस. नऊ वर्षांचं पोर शाळेतून दुपारी उन्हातून येतं, भुसावळचं ऊन तुला मी सांगायला नको. त्याला जेवायला घाल. त्याला शुक्रवारी यायचं असेल तर येऊ दे, गाणी म्हणू दे, मागे सतरंजीवर झोपलं तर झोपू दे. उपास म्हणजे काय हे त्याने आपणहून विचारलं, तर त्या दिवशी त्याच्या डब्यातलं वर्गातल्या कुणाला द्यायचं का, ते त्याचं त्याला ठरवू दे. भावांनी विचारलं तर सांग, मावशीने नको म्हटलं.

तुझी,
मावशी